‘अपाय तर नाही’ या समजुतीची चिकित्सा

साठी ओलांडलेल्या माणसाच्या घरात रात्रभर भिजवलेले मेथीदाणे, त्रिफळा चूर्ण, सुंठ, ओवा, हळद घातलेले दूध किंवा गुळवेलीचा काढा यांपैकी काही ना काही असतेच, आणि त्याच्या वापरामागे एक रुळलेले समर्थन उभे असते: गुण आला तर उत्तम, न आला तरी अपाय तर नाही. हे समर्थन इतके सर्वमान्य झाले आहे की घरगुती उपायांचे पुरस्कर्ते आणि त्यांची वासलात लावणारे असे दोन्ही पक्ष ते विनातक्रार गृहीत धरतात; वाद होतो तो गुण येतो की नाही एवढ्याच मुद्द्यावर. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की उतारवयाच्या संदर्भात ही समजूत उथळ आहे आणि ती तीन ठिकाणी फसते. ज्या पदार्थात परिणाम घडवण्याची शक्ती आहे त्यात अपायाचीही शक्ती असते. ज्यात ती नाही तो पदार्थ निदानाचा वेळ खातो. आणि दोन्ही प्रकारांत घराचे लक्ष डब्यातल्या आणि बाटलीतल्या वस्तूंकडे वळल्यामुळे जे काम केवळ घरच करू शकते, म्हणजे वृद्ध माणसाचे बळ टिकवण्याचे, ते करायचे राहून जाते. यातील तिसरी हानी सर्वांत मोठी असून तिची चर्चा सर्वांत कमी होते.

१. परिणाम आहे तेथे मात्रा आहे

वनस्पतीतून आलेले ते सौम्य आणि कारखान्यातून आलेले ते उग्र, ही विभागणी औषधांच्या इतिहासाशी जुळत नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या उच्च रक्तदाबावरील परिणामाविषयी लेख प्रसिद्ध केला आणि भारतीय घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे हे मूळ जगभरच्या वैद्यकात पोचले. त्या मुळातून वेगळे काढलेले रेसर्पिन हे द्रव्य काही वर्षे रक्तदाबावरील प्रमुख औषध होते. परंतु त्याच द्रव्यामुळे मन खचणे, गुंगी येणे, उभे राहताना रक्तदाब एकदम उतरणे असे त्रासही आढळले, आणि पुढे वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांच्या यादीत त्याचा समावेश झाला. मूळ तेच होते, गुण त्याचाच होता आणि अपायही त्याचाच होता. आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथांना हे अपरिचित नव्हते. योग्य रीतीने वापरलेले विषही औषध होते आणि अयोग्य रीतीने वापरलेले औषध विष होते, अशा आशयाचे विधान चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात आहे. ‘नैसर्गिक आहे, म्हणून निरुपद्रवी आहे’ हा युक्तिवाद परंपरेचा नाही. तो अलीकडचा आहे, आणि बराचसा जाहिरातींनी रुजवलेला आहे.

स्वयंपाकघरातल्या तीन पदार्थांवरून हे अधिक स्पष्ट होईल. घसा खवखवला की ज्येष्ठमधाची कांडी चघळणे ही महाराष्ट्रातील घरोघरची रीत आहे, आणि चार दिवस चघळण्यात फारसे काही बिघडत नाही. मात्र ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिन हे गोड द्रव्य मूत्रपिंडातील एका विकराला, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, अडवते. त्यामुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटते. ज्या वृद्धाला रक्तदाब आहे, लघवी वाढवणारी गोळी चालू आहे किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन दिले आहे, त्याने महिनोन्‌महिने ज्येष्ठमधाचा काढा घेतला तर घटलेले पोटॅशियम हृदयाचा ठेका बिघडवू शकते. आणि गोळी चालू असूनही रक्तदाब का उतरत नाही याचे उत्तर डॉक्टरला सापडत नाही, कारण काढ्याचा उल्लेख त्याच्यासमोर झालेलाच नसतो.

मेथीचे उदाहरण वेगळ्या अर्थाने बोधक आहे, कारण तिचा गुण खरा आहे. मेथीतील चिकट तंतू जठरातून अन्न पुढे सरकण्याचा आणि साखर रक्तात शोषली जाण्याचा वेग कमी करतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी मधुमेहींवर याचे प्रयोग केले. मात्र १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रोजची मात्रा तेल काढलेल्या मेथीपुडीची १०० ग्रॅम होती. घरात घेतला जाणारा चमचाभर दाण्यांचा हिस्सा याच्या विसाव्या भागाएवढा भरतो. म्हणजे प्रयोगाचा दाखला देऊन चमचाभर मेथीच्या भरवशावर गोळी बंद करणे चूक आहे, आणि ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना कोणालाही न सांगता मेथीचे प्रमाण भरमसाट वाढवणेही चूक आहे, कारण वृद्धाची साखर एकदम उतरली तर तो भोवळ येऊन पडतो.

हळदीच्या बाबतीत तर घरगुती वापर आणि बाजारातील वापर यांच्यातील दरीच महत्त्वाची ठरते. हळदीत कर्क्युमिनचे प्रमाण साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असते आणि तेही आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. म्हणून फोडणीतील हळद निर्धोक आहे, पण तिच्याकडून सांधेदुखी बरी होण्याची अपेक्षा करता येत नाही. बेंगळुरूतील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की मिऱ्यातील पायपरीनची जोड दिल्यास माणसाच्या रक्तातील कर्क्युमिनचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते, आणि त्यानंतर या जोडीच्या गोळ्या सर्वत्र विकल्या जाऊ लागल्या. परंतु पायपरीन निवडून फक्त कर्क्युमिनचेच शोषण वाढवत नाही; इतर काही औषधांचे यकृतातील विघटनही ते मंदावते. अशा दाट मात्रेच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. डाळीतील हळद आणि डबीतील हळद यांना एकच नाव असले तरी त्या वापराच्या दृष्टीने दोन भिन्न वस्तू आहेत.

२. वृद्ध शरीराचा हिशेब निराळा

वरील धोके तरुण शरीर बहुधा पचवून टाकते. उतारवयात ते पचत नाहीत, याची कारणे शरीरक्रियेत आहेत. चाळिशीनंतर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता हळूहळू कमी होत जाते, त्यामुळे शरीराबाहेर जायला हवे ते द्रव्य अधिक काळ रक्तात राहते. ही घट रक्ततपासणीत लपूही शकते: क्रिएटिनिन हे द्रव्य स्नायूंतून येते, आणि स्नायूच आटलेले असतील तर मूत्रपिंड दुबळे असूनही त्याचा आकडा ठीक दिसतो. शरीरातील पाण्याचा वाटा घटून चरबीचा वाढतो, त्यामुळे चरबीत विरघळणारी गुंगीची औषधे जास्त वेळ टिकतात. तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शरीर कोरडे पडत असतानाही म्हातारा माणूस पाणी मागत नाही. आणि या सगळ्यावर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, रक्त पातळ ठेवणे अशा कारणांनी दिलेल्या गोळ्यांची भर असते.

इसबगोलासारख्या साध्या पदार्थालाही म्हणून येथे नियम लागू होतात. तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा लागतो, नाहीतर अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. आणि थायरॉइडची गोळी त्याच्या सोबतीने घेतली तर तिचे शोषण कमी होते, म्हणून दोहोंमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे लागते. सैंधव म्हणजे बहुतांश सोडियम क्लोराइडच, त्यामुळे रक्तदाबाला ते चालते ही समजूत निराधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सैंधवालाही लागू आहे. उलट, कमी सोडियमचे म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला तेच घातक ठरू शकते.

गुळवेलीबद्दलचा वाद याच संदर्भात पाहायला हवा. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये आढळलेल्या यकृताच्या इजेचा अहवाल मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेत वापरलेली वनस्पती गुळवेलच होती का, असा प्रश्न उपस्थित केला. सहा रुग्णांवरून वनस्पतीला दोषी ठरवता येत नाही हे मान्य करावे लागेल. पण ज्या वस्तूची ओळखही अंगणातील वेलीपासून बाटलीपर्यंतच्या प्रवासात निश्चित राहत नाही, ती ‘अपाय तर नाही’ या भरवशावर महिनोन्‌महिने घ्यावी, या मताला तो आक्षेप बळकटी देत नाही; उलट ते आणखी दुबळे करतो.

३. आराम पडतो, आणि वेळ जातो

दुसरी हानी निष्प्रभ किंवा केवळ आराम देणाऱ्या उपायांची आहे. तळपायांना मुंग्या येतात, आग होते, म्हणून काशाच्या वाटीने तेल चोळले जाते आणि त्याने बरेही वाटते. पण या मुंग्यांमागे मधुमेहाने झालेली मज्जातंतूंची हानी किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून आपल्याकडील शाकाहारी समाजात ही कमतरता किती पसरलेली आहे ते समोर आले आहे; त्यात वयाबरोबर जठरातील आम्ल कमी होते आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेतल्यानेही ब-१२ घटते. ही कमतरता वेळीच भरून काढली तर माणूस सावरतो, फार उशीर झाला तर तोल आणि स्मरण यांचे नुकसान कायमचे राहते. तेलाने येथे अपाय केला नाही हे खरे आहे, पण ज्या दोन वर्षांत रक्त तपासायला हवे होते ती दोन वर्षे तेलाने घेतली.

हाच प्रकार ‘पित्ता’च्या बाबतीत अधिक गंभीर होतो. वृद्धांमध्ये, विशेषतः मधुमेही वृद्धांमध्ये, हृदयविकाराचा झटका छातीतल्या तीव्र कळेऐवजी मळमळ, घाम, जबड्यातील दुखणे, पोटात जड वाटणे किंवा नुसता थकवा अशा रूपाने येऊ शकतो. त्यावेळी ओवा आणि खाण्याचा सोडा देऊन रात्र काढणे म्हणजे रक्तवाहिनी मोकळी करण्याचे मोलाचे तास गमावणे होय. साठीनंतर नव्याने सुरू झालेला बद्धकोष्ठ, शौचातून रक्त, कारण नसताना उतरणारे वजन, तीन आठवडे न हटणारा खोकला यांनाही हाच निकष लावावा लागेल: यांच्यावर घरी उपचार सुरू करण्याआधी निदान व्हायला हवे. पायाची संवेदना गेलेल्या मधुमेह्याला शेकण्याची रबरी पिशवी देणे तर निष्प्रभही नाही, कारण कातडी भाजली तरी त्याला ते कळत नाही.

४. घराचे स्वतःचे क्षेत्र: बळ

वरील विवेचनावरून घरगुती उपाय सोडून सर्व काही दवाखान्यावर सोपवावे असा निष्कर्ष कोणी काढेल तर तो चुकीचा ठरेल. उतारवयातील आरोग्याचा मोठा भाग दवाखान्याच्या आवाक्याबाहेर आहे, आणि त्याचे केंद्र स्नायू हे आहे. वयाबरोबर स्नायूंचे आकारमान आणि ताकद घटत जाण्याच्या प्रक्रियेला अमेरिकी संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सार्कोपेनिया हे नाव दिले. ही घट दुखत नाही, तिचा ताप येत नाही, म्हणून तिच्यावर कोणी काढा देत नाही. ती दिसते ती परिणामांतून: जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना टाळला जातो, मंडईतली पिशवी जड होते, आणि एक दिवस मोरीत पाय घसरतो. मांडीचे हाड मोडल्यानंतरचे अंथरूण उरलेले स्नायूही घालवते.

ही घट अटळ मानण्याचे कारण नाही. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी बोस्टनमधील शुश्रूषागृहात १०० अशक्त वृद्धांवर केलेला प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. काहींना पायांनी वजन उचलण्याचे व्यायाम दिले, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना यांपैकी काहीच नाही. दहा आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली, त्यांची चाल सुधारली, जिना चढण्याचे बळ वाढले. नुसत्या पौष्टिक पेयाने मात्र अशक्तपणा हटला नाही. च्यवनप्राशाचा चमचा आणि प्रथिनपूडीचा डबा यांवर शक्ती सोपवणाऱ्या प्रत्येक घराने या निष्कर्षाकडे लक्ष द्यावे. २०१९ च्या एका व्यापक आढाव्यानुसार व्यायामामुळे घरी राहणाऱ्या वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शिका चालण्याखेरीज आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम सुचवते. सकाळचा फेरफटका चांगलाच, पण तो पुरेसा नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, कट्ट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे यांची जागा चालणे घेऊ शकत नाही.

येथे परंपरेशी प्रामाणिक राहायचे तर एक अडचण मांडायला हवी. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसराच अध्याय दिनचर्येला दिलेला आहे, म्हणजे औषधांची चर्चा होण्यापूर्वी उठणे, दात, अभ्यंग, व्यायाम, स्नान यांचा क्रम येतो, आणि या दृष्टीचे मोल फार मोठे आहे. पण त्याच अध्यायात व्यायाम कोणी टाळावा हे सांगताना वृद्धांचाही समावेश केलेला आहे. ‘आता या वयात आराम करा’ हे मायेने दिले जाणारे वाक्य त्याच समजुतीचा वंशज आहे, आणि आजच्या पुराव्यापुढे ते टिकत नाही. दिनचर्येचे तत्त्व स्वीकारून त्यातील हा अपवाद टाकून देणे, यात परंपरेचा अनादर नाही. सूर्यनमस्काराच्या प्रसारासाठी आयुष्य वेचणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः उतारवयातही नमस्कार घालत असत, हेही परंपरेतच मोडते.

व्यायामाला जोड हवी ती ताटाची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत असे वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञगटांचे मत आहे. ६० किलोच्या माणसाला म्हणजे रोज ६० ग्रॅमच्या पुढे. प्रत्यक्षात सकाळी चहा-बिस्किट, दुपारी एक भाकरी आणि पातळ आमटी, रात्री मऊ भात किंवा दूधभात असा दिवस असेल तर ढोबळ हिशेबाने ही बेरीज ३० ग्रॅमपुढे क्वचित जाते. ‘हलके’ जेवण म्हणून जे वाढले जाते ते बहुधा निव्वळ पिष्टमय असते, आणि उपवासाच्या साबुदाण्यात तर प्रथिने जवळजवळ नसतातच. दोन्ही जेवणांत घट्ट वरण, मुगाची किंवा मटकीची शिजवून मऊ केलेली उसळ, पिठले, दही, चालत असेल तर अंडे किंवा मासळी, एवढा बदल कोणत्याही चूर्णापेक्षा अधिक करून जातो. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे.) पुष्कळदा खरा अडथळा पचनात नसून दातांत असतो: दाढा गेल्या की भाकरी, उसळ, कोशिंबीर आपोआप सुटतात आणि ‘आता पचत नाही’ असे कारण दिले जाते. अशा घरात कवळी हाच आहाराचा उपाय ठरतो.

पाणी, उजेड आणि जमीन यांविषयी थोडक्यात सांगणे पुरे. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर मर्यादा घातलेली नसेल तर तहान लागण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी पाणी दिले जावे. सकाळी थोडा वेळ उघड्या उन्हात बसावे, कारण काचेआडच्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही. आणि मोरीत धरायला दांडा, रात्री वाटेत दिवा व पायात न सरकणारी चप्पल असावी. रात्रीची झोप दुधातल्या जायफळापेक्षा सकाळच्या उजेडावर आणि दुपारची वामकुक्षी आटोपती घेण्यावर अधिक अवलंबून असते.

५. चार आक्षेप

पहिला आक्षेप पिढ्यांच्या अनुभवाचा आहे: आजीबाईचा बटवा शेकडो वर्षे चालत आला, तो खोटा कसा असेल? उत्तर असे की अनुभव कशाबद्दल खरे सांगू शकतो याला मर्यादा आहेत. खोकला, अपचन, मुरगळ, गळू यांत उपाय आणि परिणाम यांमध्ये दोनचार दिवसांचेच अंतर असते, म्हणून तेथील लोकानुभव पुष्कळदा विश्वासार्ह असतो. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या किंवा आले-मध आजही योग्यच आहेत. रक्तदाब आणि मधुमेह मात्र वर्षानुवर्षे काहीही न जाणवता इंद्रिये पोखरतात, त्यांच्या बाबतीत ‘बरे वाटते’ हा निकषच लागू पडत नाही. शिवाय बटव्यातील वस्तू पाच गोळ्यांबरोबर घेण्याचा अनुभव कोणत्याही आजीजवळ नव्हता. त्यातही आज परंपरेच्या नावाने जे घरात येते त्याचा बराच भाग बटव्यातून न येता दुकानातून येतो. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे, तरीही ते दावे ज्येष्ठांच्या मोबाइलवर रोज पोचतात.

दुसरा आक्षेप मानसिक आधाराचा आहे, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. सुनेने करून दिलेला काढा किंवा लेकीने चोळलेले तेल यांत काळजी असते, आणि काळजी मिळणाऱ्या माणसाला खरोखरच बरे वाटते. पण तो गुण काळजीचा आहे, म्हणून तो निर्धोक वस्तूंतूनही पोचतो: तेल चोळताना तळपायाला जखम आहे का ते पाहिले जावे, काढ्याऐवजी मुगाचे कढण दिले जावे. परगावी किंवा परदेशी असलेली मुले आईवडिलांना गोळ्यांच्या बाटल्या पाठवतात, कारण वस्तू पाठवता येते. सवय पाठवता येत नाही. त्यांच्या हातात असलेला अधिक उपयोगी मार्ग म्हणजे रोजच्या फोनवर व्यायाम झाला का आणि दुपारी काय जेवलात, हे विचारणे.

तिसरा आक्षेप असा की डॉक्टरही गोळ्यांचा मारा करतात. हे अनेकदा खरे असते. झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांनी वृद्धांचे नुकसान होते, आणि वेदनाशामकांनी मूत्रपिंडे बिघडतात. पण एका अतिरेकावर दुसऱ्या अघोषित औषधाची भर हा उपाय नव्हे. घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, चूर्ण, काढा आणि मलम एकाच कागदावर लिहून तो डॉक्टरसमोर ठेवणे आणि ‘यातले काय बंद करता येईल?’ असे विचारणे, हा रुग्णाचा हक्क आहे. काढ्याचे नाव ऐकून चिडणारा डॉक्टर रुग्णाला पुढच्या वेळी ते लपवायला शिकवतो, हे वैद्यकीय व्यवसायानेही लक्षात घ्यावे.

चौथा आक्षेप सर्वांत कठीण आहे: हे सगळे करणार कोण? घरगुती उपायांचे श्रम आजवर बायकांनीच केले आहेत, आणि दिनचर्या सांभाळण्याचे नवे काम पुन्हा त्यांच्याच माथी मारले जाण्याची भीती रास्त आहे. घरात सर्वांत शेवटी जेवणारी, उरलेल्या आमटीवर भागवणारी वृद्ध स्त्रीच बहुधा सर्वांत कमी प्रथिने खाते, आणि नवऱ्यामागे एकटी राहिल्यावर स्वतःपुरते वरण लावण्याचाही तिला कंटाळा येतो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक १० कोटींहून अधिक होते. त्यांचे बळ केवळ सुनांच्या आणि लेकींच्या श्रमांवर टिकवणे शक्यही नाही आणि न्याय्यही नाही. महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांची भरणारी सभागृहे आहेत, आणि तेथे आहार-औषधांवर व्याख्याने होत असतात. त्याच वेळेतला अर्धा तास सामूहिक व्यायामाला आणि दर तीन महिन्यांनी एका साध्या चाचणीला देता येईल: छातीवर हात बांधून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते ते मोजायचे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि स्त्रीला १० पेक्षा कमी वेळा उठता आले तर पडण्याचा धोका अधिक समजतात. हा आकडा प्रत्येकाच्या वहीत रक्तदाबाच्या आकड्याशेजारी लिहिला जावा, आणि तो घसरलेला दिसला की संघाने त्या सभासदाच्या घरी जाऊन त्याच्या गोळ्या, त्याचे ताट आणि त्याची मोरी, तिन्ही पाहावीत.